सर्व्हरचा पोळा

माझं काम नीट चाललेलं असतं तेव्हा मी रिकामटेकडा दिसतो. जन्मभर हेच ऐकत आलो. आमच्या अब्बांची गडचिरोलीच्या बाजारात शिलाई मशिनी दुरुस्त करायची टपरी होती. त्यांच्यापुढे निदान उघडी मशीन असायची, बोटं तेलानं काळी झालेली असायची, बघणाऱ्याला वाटायचं माणूस काहीतरी करतोय. माझ्यापुढे काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. अम्मी पाहुण्यांना शेवटपर्यंत सांगायची, "रशीद कॉम्प्युटर का कुछ करता है." ते 'कुछ' म्हणजे नेमकं काय, हे तिला सांगायचं राहूनच गेलं. आता तुम्हाला सांगतो.

एखाद्या ठिकाणी पुष्कळ कॉम्प्युटर असतात आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे एक मुख्य कॉम्प्युटर असतो, तो सर्व्हर. बाकीचे मागतात, हा देतो. तो कधी बंद पडू नये, दमू नये, थोडक्या ताकदीत जास्त ओढावा, हे बघणारा माणूस म्हणजे मी. त्यात मी लिनक्सवाला. लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. तिचं पोट उघडून बघता येतं, हवा तो स्क्रू पिळता येतो. दुरुस्तीवाल्याच्या पोराला दुसरं काय पाहिजे? नागपूरहून मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी ती शिकलो. शिकताना, टपरीच्या कोपऱ्यात आणून ठेवलेला जुना कॉम्प्युटर मी इतक्यांदा मोडला आणि जोडला की अब्बा म्हणाले, "गिऱ्हाईकाची मशीन असती तर आतापर्यंत मार खाल्ला असतास."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भामरागडच्या बाजूला, जंगलात, एका निवासी शाळेत मला बोलावलं. शाळेचं नाव राहू द्या. कुठल्यातरी शहरी कचेरीनं टाकून दिलेले कॉम्प्युटर तिथे देणगी म्हणून आले होते. बहुतेकांच्या डिस्का मेलेल्या. मी एकात चांगली डिस्क घातली आणि त्याला सर्व्हर केलं. बाकीच्यांना डिस्कच नको, ते चालू झाले की याच्याकडून सगळं मागून घेणार. म्हाताऱ्या यंत्रावर एवढा भार टाकायचा तर त्याला हलकंही करायला हवं. नको ती कामं मी बंद केली. कुणी एखादी फाइल नुसती उघडून बघितली तरी प्रणाली 'अमुक वाजता बघितली' म्हणून डिस्कवर टिपून ठेवत असे. तिला म्हटलं, बाई, या चांभारचौकश्या तुला कशाला? ते टिपणं थांबलं आणि डिस्कची निम्मी धावपळ वाचली. प्रणालीचा गाभा त्या यंत्राच्या मापानं पुन्हा बेतून घेतला. आमच्या धंद्यात याला ट्यूनिंग म्हणतात. अब्बा शिलाई मशीनचा ताण कमीजास्त करायचे, तेच हे. त्यांनी पट्टा सैल केला की तीच मशीन वेगळी बोलायची.

वीज सोलरच्या बॅटऱ्यांची, जोडीला डिझेलचं जनरेटर. त्यामुळे आमचा सर्व्हर एकदा चालू झाला तो थांबलाच नाही. किती दिवस न थांबता चालू आहे हे सांगणारी एक आज्ञा असते. रोज सकाळी चहा पिताना मी ती द्यायचो आणि आकडा एकानं वाढलेला बघून खूश व्हायचो. आम्हा लोकांची ती मिशी असते. पिळायची आणि दुसऱ्याला दाखवायची.

शाळेत शिपाई होता झिंगरूभाऊ. नागभीडकडचा, धानाच्या शेतीतला माणूस. शेती पोरं बघायची, हा इकडे नोकरीला. वर्षातून एकच रजा घ्यायचा, पोळ्याची. दिवाळीला नाही गेला तरी चालेल, पण पोळ्याला बैलांपुढे उभा राहणार म्हणजे राहणार. त्याच्या जोडीची नावं मला पाठ होती, कारण बायकोपोरांची चौकशी करावी तशी तो गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाकडे त्यांची चौकशी करायचा.

सर्व्हर म्हणजे काय, हे त्याला मीच समजावलं. त्याला निमित्त झालं आमच्या मुख्याध्यापकांचं. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. सरांना सर्व्हरच्या पडद्यावर मासे पोहायला हवे होते, ते स्क्रीनसेव्हरचे. कुणी पाहुणा आला की दिसायला बरं. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ते मासे होतेच. मी नाही म्हटलं, तर माझ्या मागे कुणाकडून तरी लावून घेतले. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं पडद्यापुढे हातावर हात ठेवून बसलेली. अक्षर दाबावं आणि ते उमटेपर्यंत नदीवर जाऊन यावं, अशी गत. मी मासे काढले आणि सगळं पुन्हा पळायला लागलं. झिंगरूभाऊ दारात उभा राहून बघत होता.

"काऊन गा रशीदभाऊ, मासोळ्यायनं एवढा जड झाला हा?"

मी म्हणालो, "भाऊ, या खोलीतले सगळे नांगर हा एकटा ओढते. त्याच्या पाठीवर अजून मासे बसवले तर कसं होईल?"

त्यानं मान डोलावली. त्या दिवसापासून तो सर्व्हरजवळून जाताना पायातली चप्पल काढायला लागला. बाजूच्या जाळीत किडे अडकायचे, ते रोज कोरड्या फडक्यानं पुसायचा. मला बरं वाटलं. चला, माझ्या यंत्राची कदर करणारा कुणीतरी भेटला. मी सुट्टीवर असताना बॅटऱ्या उतरल्या तर सर्व्हर कसा बंद करायचा, हेही मी त्याला शिकवून ठेवलं. ही अक्षरं टाकायची, पडद्यावर 'आता बंद करा' असं येईपर्यंत थांबायचं, मग बटण. तसा प्रसंग कधी आलाच नव्हता, पण त्याला ते तोंडपाठ होतं.

आता जैनीबाई. शाळेतल्या लहान पोरांना ती शिकवायची. स्वतः माडिया आदिवासी, इंद्रावती नदीच्या अंगाच्या एका गावातली, आणि त्या गावातून मास्तरीण झालेली पहिलीच. पोरं घरून माडिया बोलत यायची आणि पुस्तक मराठीत. पहिली दोन वर्षं पोरं नुसती टुकूटुकू बघत बसायची. जैनीबाईनं ठरवलं की त्यांच्या भाषेतल्या गोष्टी गोळा करायच्या आणि त्यांचंच वाचनाचं पुस्तक करायचं. टेपरेकॉर्डर घेऊन ती म्हाताऱ्यांकडे जायची. चांगल्या कॅसेटी दोनच. एक भरली की मी ती तार लावून सर्व्हरवर उतरवायचो आणि तीच कॅसेट पुसून पुढच्या गावाला. त्या वेळी तिथे हे असंच चालायचं, त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. उन्हाळ्यात मी गडचिरोलीहून सीडी लिहायचं यंत्र उसनं आणायचो आणि सगळ्याची एक प्रत काढून ठेवायचो. पावसाळ्यात जे येईल ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सर्व्हरवरच राहणार.

त्या वर्षी आषाढात तिनं स्वतःच्या बापाला बोलतं केलं. इतके दिवस म्हातारा टाळत होता, पोरीपुढे काय गोष्टी सांगायच्या म्हणून. नदीला वाट विचारणाऱ्या अस्वलाची गोष्ट होती. मला माडिया कळत नाही, पण उतरवताना ऐकली. म्हातारा आधी खोकला आणि मग गोष्ट सुरू व्हायच्या आधीच हसायला लागला. पुढे येणारी गंमत त्याला एकट्याला ठाऊक होती ना! मागून जैनीबाई त्याला दटावत होती आणि तो आणखी हसत होता. यंत्राजवळ बसून मीही हसलो.

श्रावणात निरोप आला की म्हातारा गेला. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी चाललेलं, एसटी कधीचीच बंद. जैनीबाई आतल्या वाटेनं पायी गेली.

रस्ता बंद म्हणजे झिंगरूभाऊचा पोळाही बुडाला. रोज नदीवर जाऊन पाणी बघून यायचा आणि झाडू घ्यायचा. पोळ्याच्या दिवशी मी हिवतापानं खोलीत पडून होतो. दोन घोंगड्यांखाली थडथड उडत होतो, मला कसलं भान! दुसऱ्या दिवशी, पोरांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याला, ताप उतरला आणि चहा घेऊन मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो, सवयीनं, आकडा बघायला.

खोलीत आवाजच नव्हता. बारमाही चालणारा पंख्याचा तो गुरगुराट बंद. सर्व्हरवर रंगीत चादरीची झूल. कडेनं चमचमती बेगड चिकटवलेली. कपाळावर, म्हणजे बटणाच्या जरा वर, गंधाचा टिळा. समोर केळीच्या पानावर पुरणपोळी. आणि बाजूला झिंगरूभाऊ, धुतलेल्या कपड्यांत, आपलंच कौतुक ऐकायला उभा असल्यासारखा.

"काल दिवसभर सुट्टी देल्ली त्याले," तो म्हणाला. "तुम्हीच सांगतलं होतं न, सगळे नांगर हाच ओढते. कवाधरनं राबून राह्यला बिचारा, एक दिवस तरी जू उतरलं पायजे का नाई? तुम्ही सांगतलं तसंच बंद केलं. अक्षरं टाकली, थांबलो, मंग बटन."

माझा आकडा गेला म्हणून आधी माझ्या डोक्यात तिडीक गेली. कबूल. मी झूल ओढून काढली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. डिस्क फिरली नाही. आतून बारीक टिक आवाज आला, पुन्हा टिक, आणि गप्प. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

डिस्क चिकटली होती. हार्ड डिस्क म्हणजे आतून एक चकती आणि तिच्यावरून तरंगत फिरणारी सुई. चकती वर्षानुवर्षं फिरत असते तेव्हा ऊब असते, तेल पातळ असतं, सगळं सुरळीत. जुनी झालेली डिस्क एकदा का थंड पडली, त्यात पावसाळी ओल, की तेल घट्ट होतं आणि सुई चकतीला चिकटून बसते. बंद ठेवलेली शिलाई मशीन अशीच अडते. अब्बा तिला घासलेट पाजायचे. डिस्कला काय पाजणार?

आणि नेमकी तेव्हाच दारात जैनीबाई. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, खांद्याला पिशवी. घरून थेट इकडेच आली होती. म्हणाली, "जोहार भाऊ. बाबाचं तेवढं लावून द्या. मले त्याचा आवाज ऐकाचा हाय, मंग आंघोळ करतो."

तिनं झूल पाहिली, टिळा पाहिला, गप्प पडलेला सर्व्हर पाहिला. ती हुशार बाई होती, मला काही सांगावं लागलं नाही. "कॅसेट?" एवढंच तिनं विचारलं आणि उत्तर तिला ठाऊकच होतं. ती कॅसेट पुसून तिनंच पुढच्या गावाला नेली होती. ती खाली बसली. रडली नाही. झिंगरूभाऊकडे बघून म्हणाली, "मामा, तुमी काऊन केलं असं?" झिंगरूभाऊनं टोपी काढून हातात घेतली आणि तो भिंतीला लागून उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला बिनटोपीचा पाहिला नव्हता.

नागपूरचा एक जुना इंजिनिअर मला एकदा म्हणाला होता की चिकटलेली डिस्क शेकून बघावी आणि वीज देतानाच मनगटाला झटका द्यावा. जमली तर जमली, नाहीतर सुई मोडून सगळं कायमचं गेलं. मी डिस्क बाहेर काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि म्हटलं, "भाऊ, तव्यावर मीठ गरम करा. फडक्यात बांधून आणा. हाताला सोसेल इतपतच."

"शेकाचं हाय?"

"हो."

तो जागचा हललाच नाही. "म्हंजे खांद शेकाचे राह्यले," तो म्हणाला. "बैलायचे आदल्या दिवशी शेकाचे असतात, हळद-तूप लावून. मंग जेवाचं आवतन. मी पाह्यलं गा भाऊ, पन याचे खांद कुठी हायेत तेच समजलं नाई मले."

मला त्या घटकेला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "हे बघा, हे त्याचे खांद. आणा मीठ."

त्यानं शेकलं. बैलाच्या मानेवरून हात फिरवावा तसा, हलक्या हातानं, पुरचुंडी या अंगावरून त्या अंगावर. तोंडानं पुटपुटत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उशिरा का होईना, राहिलेलं तो पुरं करत होता. इतक्यात सर आले. काय झालं ते कळल्यावर त्यांचा पारा चढला.

"हजेरी त्यात आहे! मुलांचे गुण आहेत, अनुदानाचा सगळा तपशील आहे! रशीद, चालू झालीच तर आधी ते काढ."

मी म्हणालो, "सर, तुमच्या कॉम्प्युटरला जोडावी लागेल. तेवढीच एक धड डिस्क आहे इथे. आणि जागा पाहिजे. तुमचे मासे काढतो."

ते काही बोलायच्या आत मी मासे काढले, सहलीच्या फोटोंचा एक गठ्ठाही काढला. मग त्यांचं यंत्र बंद करून सर्व्हरमधल्या तारेनं डिस्क त्याला जोडली. गरम डिस्क तळहातावर धरली, झिंगरूभाऊला म्हटलं बटण दाबा, आणि कुलपात चावी फिरवावी तसा मनगटाला झटका दिला. टिक. काही नाही. पुन्हा शेक, पुन्हा झटका. जैनीबाई माझ्या हाताकडे बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता. मनात म्हटलं, या अल्ला, हजेरीचं राहू दे, त्या म्हाताऱ्याला उठव.

तळहातावर थरथर लागली. चकती फिरायला लागली होती. आवाज चांगला नव्हता, दळताना जात्यात खडा यावा तसा, पण फिरत होती.

"आधी हजेरी!" सर म्हणाले.

"हजेरी कपाटातल्या रजिस्टरात पण आहे, सर. म्हातारा कुठल्या कपाटात आहे?"

मी म्हाताऱ्याची फाइल आधी काढली. मग बाकीच्या गोष्टी. नोकरी जाईल असं वाटलं, आणि जाऊ दे म्हटलं. तोवर डिस्क माझ्या हातावरच होती. खाली ठेवायची हिंमत होईना. गोष्टी सगळ्या आल्या. हजेरी आली. गुण अर्धे आले आणि डिस्क एकदा कण्हली आणि थांबली. ती नंतर कधीच उठली नाही. सरांनी उरलेले गुण पुढच्या दिवसांत रजिस्टरातून पुन्हा भरून घेतले आणि तेवढे दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. झिंगरूभाऊला काढून टाकायचंही त्यांच्या मनात होतं. पण जैनीबाईनंच जाऊन सांगितलं, मामाला काढाल तर मीही चालली. ते तिथेच मिटलं.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. डिस्क थांबल्यावर मी सरांच्या कॉम्प्युटरवर म्हाताऱ्याची गोष्ट लावली. खोकला. मग हसू. जैनीबाईनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तेव्हा कुठे ती रडली. झिंगरूभाऊला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो पुऱ्या गोष्टीभर टोपी हातात धरून उभा होता.

मला कुणी विचारलं की त्याचं चुकलं का, तर मी आजही म्हणेन, चुकलं. चालत्या सर्व्हरला मालकाला न विचारता हात लावू नये, मग भावना कितीही चांगली असो. पण त्यानंतर मी तो आकडा बघायचा सोडला. न थांबणारं यंत्र थांबल्यावर उठेल की नाही, हे ते थांबवल्याशिवाय कळत नाही, आणि ते आपण निवडलेल्या दिवशी कळलेलं बरं. पुढे चंद्रपूरला आलो, मोठे सर्व्हर हाताखाली आले. दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्याची प्रत काढायचो आणि पोळ्याला एकेक यंत्र बंद करून पुन्हा उठवायचो. कागदोपत्री नाव 'वार्षिक देखभाल'. हाताखालची मंडळी हसायची, की आमचे रशीद शेखसाहेब पोळ्यालाच बरे देखभाल काढतात. हसू देत.

म्हाताऱ्याची गोष्ट मी यंत्रामागून यंत्रावर नेत आलो. जैनीबाईंकडे प्रत आहेच, पुस्तकही कधीच निघालं, त्यांची पोरं ते वाचून मोठी झाली. तरी दर पोळ्याला त्यांचा फोन येतो. सुरुवात नेहमीची, "भाऊ, उठला का?"

आता निवृत्त झालो. घरी एकच जुनं यंत्र आहे, त्यावर लिनक्स आणि त्यावर तो म्हातारा. यंदाही पोळ्याला मी ते बंद केलं. झिंगरूभाऊ आता गावीच असतो, फार थकला आहे. सकाळी त्याच्या पोराच्या फोनवरून त्यानं विचारलं, "खांद शेकले न गा?" म्हटलं, शेकले, म्हणजे प्रत काढली. दुपारी जैनीबाईंचा फोन आला तेव्हा यंत्र अजून थंडच होतं. म्हटलं, थांबा, आता उठवतो. मी बटण दाबलं. कान यंत्राला लावला. तेवढा वेळ दर वर्षी तितकाच जड जातो, त्याची काही सवय होत नाही.

मग पंखा फिरला, डिस्क फिरली, आणि मी फोन यंत्राजवळ धरला. म्हातारा खोकला, आणि गोष्टीच्या आधीच हसायला लागला.